जहाजाच्या पोटातले स्वयंपाकघर

आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी आता निवृत्त झाली आहेत. मुले मार्गाला लागली, नातवंडे सैन्यात गेली, तेव्हा चार दिवस मोकळे मिळाले की हैफा बंदरातून सायप्रस किंवा ग्रीसच्या बेटांकडे जाणाऱ्या क्रूझची तिकिटे काढली जातात. परत आल्यावर जो तो पहिल्यांदा जेवणाचेच वर्णन करतो. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाणे चालूच! पण हे सगळे शिजते कुठे आणि शिजवते कोण, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. आमच्या सहलीत जहाज दिवसभर समुद्रात असताना किचन आणि कामाच्या जागा दाखवण्याचा कार्यक्रम ठेवला होता. आम्ही उभयतांनी लगेच नावे दिली. तेथे जे पाहिले व ऐकले ते वाचकांसाठी लिहीत आहे.

आत शिरण्यापूर्वी सर्वांना कागदी कोट व टोपी दिली आणि हात साबणाने धुवायला लावले. एका गृहस्थांनी खिशातली जेलची बाटली काढली, तर मुख्य आचारी हसून म्हणाले, "ते नको, साबणच पाहिजे." कारण असे की उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या जेलला फारशी दाद देत नाही, साबण-पाण्याने मात्र धुऊन जातो. बंद जहाजात तो झपाट्याने पसरतो. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांची तेथील आरोग्य खाते १९७५ पासून न सांगता तपासणी करते. शंभरपैकी ८६ गुण मिळाले तरच जहाज पास, ८५ ला नापास! आपल्या मुलांच्या परीक्षेपेक्षा कडक म्हणायची.

प्रवाशांच्या गालिच्यांच्या खाली एक लांबच लांब लोखंडी रस्ता असतो. जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माल, ट्रॉल्या आणि माणसे येथूनच धावतात. ब्रिटिश जहाजांवर त्याला 'बर्मा रोड' म्हणतात, तर काही अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर तेथील महामार्गाच्या नावावरून 'आय-९५'. याच रस्त्याला लागून कोठारे आहेत. मांसाची खोली वेगळी, मासळीची वेगळी, दूध-लोण्याची वेगळी, भाजी-फळांची वेगळी, आणि प्रत्येकीचे तापमान निराळे. गोठलेले मांस हळूहळू नरम करण्यासाठीसुद्धा स्वतंत्र खोली!

स्वयंपाकघराला जहाजावर गॅली म्हणतात. आम्ही मोठ्या ज्वाळा दिसतील अशा कल्पनेने गेलो, पण तेथे उघडा जाळ कुठेच नाही. सर्व शेगड्या विजेच्या. समुद्रात आग लागली तर बंब बोलवायचा कुठून? शेगड्यांना कडेने दांड्या बसवलेल्या असतात, म्हणजे जहाज हलले तरी पातेले घसरत नाही. चिरण्याच्या पाटांना रंग ठरलेले आहेत: कच्च्या मांसाला लाल, मासळीला निळा, भाजीला हिरवा. गरम पदार्थ गरमच आणि थंड पदार्थ थंडच राहिले पाहिजेत. मधल्या तापमानात अन्न फार वेळ राहिले की ते टाकून द्यायचे, मग ते कितीही महाग असो.

हे रंग आणि वेगळ्या खोल्या पाहून आमच्या सौ. म्हणाल्या, "यात नवीन काय? आमच्या आईकडे अलिबागला मटणाची आणि दुधाची भांडी वेगळीच होती." खरेच आहे. मटणात दही-दूध नको म्हणून आपल्या बायका नारळाच्या दुधावर कालवण करीत आल्या. जहाजावरचे कोशेर किचन हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करते. तेथे देखरेखीला मशगिआख असतो. आचारी परधर्मीय असल्यामुळे ओव्हन स्वतः पेटवण्याचे कामही त्याचेच.

या विषयावर इस्राएलमध्ये एकदा मोठे वादळ झाले होते. झिम कंपनीचे 'शालोम' हे फ्रान्समध्ये बांधलेले सुंदर जहाज १९६४ साली दाखल झाले. परदेशी प्रवासी मिळावेत म्हणून त्यावर कोशेर आणि बिगर-कोशेर अशी दोन स्वयंपाकघरे ठेवायचा कंपनीचा बेत होता. मुख्य रब्बीनेटने ठाम नकार दिला: असे असेल तर कोशेरचे प्रमाणपत्र मिळणार नाही. शेवटी कंपनीने माघार घेतली आणि एकच कोशेर स्वयंपाकघर राहिले. जहाज मात्र आपल्याकडे टिकले नाही. १९६७ साली ते जर्मन कंपनीला विकले गेले.

आता मुख्य गोष्ट. भांडी धुण्याच्या विभागात आम्ही दोघे मराठीत बोलत होतो. तेवढ्यात वाफेतून आवाज आला, "मावशी, तुम्ही आमच्याकडच्या का?" पाहतो तो रत्नागिरीकडचा पंचविशीतला मुलगा! अलिबागचे नाव काढताच त्याचा चेहरा फुलला. नऊ महिन्यांचा करार, जलरेषेच्या खाली दोघांत एक केबिन. आम्ही विचारले, "सुट्टी कधी असते बाबा?" तो म्हणाला, "रविवार-बिविवार काही नसतो हो मावशी. पाहुणे रोज जेवणारच ना!"

परत वर आल्यावर जेवण गोड लागेना. सहा दिवस काम आणि सातवा दिवस विसाव्याचा, ही देणगी जगाला आपण दिली असे आपण अभिमानाने सांगतो. खलाशांसाठी २००६ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार झाला व ऑगस्ट २०१३ पासून तो लागू आहे. त्याप्रमाणे ज्या देशाचा झेंडा जहाजावर असेल, त्या देशाने एक नियम निवडायचा. एक तर काम आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास, नाही तर विश्रांती कमीत कमी ७७ तास. हिशेब करून पाहा. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ गेले तर ९१ उरतात, म्हणजे रोजचे तेरा तास! पूर्वी नियमच नव्हते तेव्हापेक्षा हे बरे, पण सातव्या दिवसाच्या सुट्टीची सक्ती यात कुठेही नाही.

या लोकांवर आपले जेवण किती अवलंबून असते हे फेब्रुवारी २०२० मध्ये जगाने पाहिले. जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज कोरोनामुळे अडकले. प्रवाशांना केबिनमध्ये बसवले, पण त्यांचे जेवण कोणी तरी शिजवून दारापर्यंत न्यायलाच हवे होते. ते कर्मचाऱ्यांनी केले. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी. आजारी पडलेल्या पहिल्या वीस कर्मचाऱ्यांपैकी पंधरा जण जेवणखाणाच्या विभागातले होते.

कचऱ्याची खोलीही दाखवली. काच, डबे, पुठ्ठा सगळे हाताने निवडतात. प्लास्टिक समुद्रात टाकायला पूर्ण बंदी आहे. उरलेले अन्न बारीक दळून, तेही भूमध्य समुद्रात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे गेल्यावरच सोडता येते. बुफेत ताट भरून घेतलेले आणि अर्धे टाकलेले केक येथे येतात. ते उपसणारा माणूसही त्या मुलासारखाच कोणाचा तरी मुलगा.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. जहाजावर अशी फेरी असल्यास जरूर जा, पायात बंद बूट घाला. परदेशी कंपनीच्या जहाजावर जात असाल तर कोशेर जेवणाची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, कारण ते बहुधा बाहेरून सीलबंद येते. ताटात लागेल तेवढेच घ्या. आणि भारतात कोणाचा भाचा-पुतण्या जहाजावर नोकरीला निघाला असेल तर त्याला सांगा: नोकरी लावून देण्याचे पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नकोस. या करारानुसार असे पैसे घेता येत नाहीत. एजंटाकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, ते आधी पाहा.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही त्या मुलाला शोधून घरचे थोडे चकल्या-शंकरपाळे दिले. त्याने ते लगेच तोंडात टाकले नाहीत. "रात्री केबिनमध्ये दोघे मिळून खाऊ," म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.