छातीवरचे ओझे

‘डॉक्टर, छातीवर कुणीतरी बसल्यासारखे वाटते,’ हे वाक्य आपण सर्वांनीच असंख्य वेळा ऐकले आहे. मीही पंचवीस वर्षे ऐकत आलो. त्याचा खरा अर्थ मात्र मला उमगला तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी, चिरंजीवांच्या आग्रहाखातर ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या गादीवर उताणा पडलो असताना.

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. या विद्येत मात्र पाठीवर पडलेला खेळाडू दोन्ही पायांनी प्रतिस्पर्ध्याला थोपवून धरतो. पायांच्या या तटबंदीला ‘गार्ड’ म्हणतात. ती ओलांडून बाजूला जाऊन ३ सेकंद ताबा टिकविला, तर स्पर्धेत ३ गुण मिळतात. जपानी ज्यूदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचले. पुढे बेलेम शहरी कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकले आणि ग्रेसी कुटुंबाने ही विद्या वाढविली.

तटबंदी ओलांडण्याचा एक मार्ग चपळाईचा, दुसरा दाबाचा. दाबाच्या मार्गातील ‘ओव्हर-अंडर’ हा डाव बर्नार्डो फारिया यांच्या नावाशी जोडला गेला आहे. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत आपला वजनगट आणि खुला गट ही दोन्ही अजिंक्यपदे त्यांनी मिळविली.

डाव दिसायला साधा आहे. एक हात प्रतिस्पर्ध्याच्या एका मांडीवरून, दुसरा दुसऱ्या मांडीखालून घालायचा, कपड्याची पकड घ्यायची आणि डोके त्याच्या पोटाशी घट्ट टेकायचे. खरी मेख पुढे आहे. गुडघे जमिनीला टेकले, की आपले वजन जमीन झेलते. गुडघे उचलून चवड्यांवर आलो, की तेच वजन खांद्यावाटे प्रतिस्पर्ध्यावर उतरते. मग दाबलेल्या पायाच्या बाजूने, वीतभर पावलांनी, वळसा घेत सरकायचे. घाई केली तर मध्ये फट पडते, आणि तेवढ्या फटीत त्याचे पाय पुन्हा आडवे येतात. स्नायूंच्या ताकदीपेक्षा वजन कोठे ठेवावे, याचे भान येथे अधिक मोलाचे.

आता खालच्याची अवस्था पाहा. पोटावर भार आल्याने श्वासपटल पुरेसे खाली उतरत नाही. भार वर सरकला, की बरगड्याही फुलेनाशा होतात. श्वास उथळ आणि जलद होतो. प्राणवायू पुरेसा असूनही मन मात्र ओरडत असते, ‘गेलो!’ पहिल्या दिवशी मी जेमतेम अर्ध्या मिनिटात गादीवर थाप मारली. थाप पडताच समोरच्याने तत्क्षणी भार काढलाच पाहिजे, हा या खेळातील अलिखित धर्म आहे. शरणागतीची ही खूण जो मानत नाही, त्याच्यासोबत कुणी सराव करीत नाही.

वर्षभराने मलाही हा डाव थोडाफार साधू लागला. पण तो करताना माझे लक्ष गुणांपेक्षा खालच्याच्या श्वासाकडेच अधिक जाते.

पूर्वी धाप लागलेल्या रुग्णाला मी लांबलचक प्रश्न विचारीत असे आणि त्याची उत्तरे तुटक आली, की मनातून चिडत असे. आता प्रथम त्याला उठवून बसवितो, खांद्यावर हात ठेवतो, आणि केवळ मान हलवून उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारतो. बरगड्या, मान आणि रक्तदाब यांची तपासणी करूनच समवयस्क मित्रांनी या गादीवर उतरावे, एवढे मात्र आग्रहाने सांगतो.