सशांसाठी परसबाग

घरी हौसेने ससे पाळणाऱ्यांची सर्वसाधारण समजूत अशी, की सशाला गाजर दिले म्हणजे झाले. वस्तुतः गाजराचा कंद गोड असल्याने तो क्वचित, फोडीपुरताच द्यावा. सशाचे खरे अन्न गवत होय. त्याचे दात जन्मभर वाढत असतात व गवत चावल्यानेच ते झिजतात. आतड्यांचे कामही त्यातील तंतूंवरच चालते. बारा तास सशाने अन्नास तोंड लावले नाही, तर त्याच्या जिवास धोका आहे असे समजावे व पशुवैद्यास दाखवावे.

म्हणून परसात भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर प्रथम हरळीचा वाफा राखावा व वाळलेले गवत सशापुढे अहोरात्र असू द्यावे. शेजारी कोथिंबीर, मुळा, गाजर लावावे. पाला सशाला, कंद घराला. लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरल्यास पहिली कापणी सुमारे ५० ते ५५ दिवसांनी व पुढील दर २५ ते ३० दिवसांनी मिळते. तो वाढत्या पिलांस व दूध पाजणाऱ्या मादीस उत्तम. पण त्यात चुन्याचे प्रमाण मोठे असल्याने वाढ पुरी झालेल्या सशास तो रोज घालू नये.

कापलेला पाला ढिगात तापू देऊ नये; सावलीत पातळ पसरावा. नवा चारा आठवडाभरात थोडा थोडा वाढवीत न्यावा. बटाटा-टोमॅटोचा पाला, तसेच कुंपणावरील कण्हेर व घाणेरी विषारी आहेत. ग्रामसेवकांनी वाफा आखून देताना कुंपण आधी पाहावे. कीटकनाशक फवारलेला पाला तर मुळीच घालू नये.