एल-जेच्या बाटल्या आणि कॅमेरा

सकाळी ८.३०. आधी इनक्युबेटर, मग चहा. ३७ अंश, नोंदवहीत सही. रात्रीत तापमान ढळलं तर कित्येक आठवड्यांचं काम जातं.

९.१५. बायोसेफ्टी कॅबिनेटसमोर बसते. क्षयाच्या संशयितांच्या बेडक्याचे नमुने. सोडियम हायड्रॉक्साइडने इतर जंतू मरतात. वेळ लांबली तर क्षयाचेही मरतात. पंधरा मिनिटं झाली की लगेच बफर, मग सेंट्रिफ्यूज. या वेळात मला कोणी हाक मारत नाही. माझ्या कामातली खरी कसोटी इथेच लागते, आणि ती रोज लागते.

११.४५. वृत्तवाहिनीची माणसं येतात. २४ मार्च, जागतिक क्षयरोग दिन, जवळ आलाय. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. कल्चर रूममध्ये कॅमेरा नेता येत नाही, म्हणून जंतू वाढवायच्या एल-जे माध्यमाच्या कोऱ्या बाटल्या बाहेर आणते. कॅमेरामनला त्यांचा हिरवा रंग आवडतो.

"हे जंतू का, मॅडम?"

नाही. तो रंग मॅलॅकाइट ग्रीनचा. इतर जंतूंना रोखायला तो घालतात. माध्यमाचा मुख्य भाग अंड्याचा. क्षयाच्या वसाहती पिवळट, खरबरीत असतात. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. डोळ्यांना दिसेल अशी वाढ यायला तीन ते आठ आठवडे. वार्ताहर मुलीला शोधाचा एखादा क्षण हवा आहे. माझ्याकडे सांगायला आठवडेच आहेत, आणि तेच दाखवावेत असं मी तिला मनापासून सांगते.

१.३०. डबा. विषय निघतो मिनल दाखवे-भोसले यांचा. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबचं करोना चाचणी किट त्यांनी मूल्यमापनासाठी दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. बाळंतपण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. एकाच नमुन्याच्या दहा चाचण्यांचे दहाही निकाल सारखेच यायला हवेत, असं त्या सांगत होत्या. त्यासाठी त्यांच्या गटाने सहा आठवडे घातले. मला त्या आठवड्यांचं वृत्तांकन वाचायला आवडलं असतं.

३.००. बाटल्यांचं वाचन. एकीत बुरशी, टाकायची, रुग्णाकडून नवा नमुना मागवायचा. आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय 'वाढ नाही' असं लिहायचं नाही, कितीही फोन येवोत.

५.००. जीनएक्स्पर्ट चाचणीने रिफॅम्पिसिन या औषधाला असलेला प्रतिरोध दोनेक तासांत कळतो. पण उपचारानंतर जंतू जिवंत उरलेत का, हे कल्चरच सांगतं. एका रुग्णाच्या जंतूंवर आयसोनियाझिड चालत नाही असं दिसलंय. त्याच्या डॉक्टरांना आधी फोन, अहवाल नंतर.

६.४०. वार्ताहराचा फोन. निवेदनात 'शोध लावला' असं आलंय. "'तपासणी' लिहा," मी सांगते, "आणि सकाळी माझ्याबरोबर नमुने तयार करणाऱ्या आमच्या तंत्रज्ञ ताईंचं नाव माझ्या आधी घ्या." ती नावाचं शुद्धलेखन विचारून घेते.