कोणती फाईल कोणी वाचायची

सुरतेहून वराछा, सरथाणा करत महामार्गाला लागलं की कामरेजचा चार रस्ता येतो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, सौराष्ट्राच्या लक्झरी बसेस, उसाचे ट्रॅक्टर आणि पलीकडे तापी. या गावाचा लिखित उल्लेख फार जुना आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत भडोचच्या आखाताजवळ 'कम्मोनी' नावाचं गाव येतं. ते कामरेजच असावं असं अनेक अभ्यासक मानतात, आणि 2003 मध्ये इथे उत्खननही झालं. लाटच्या चालुक्यांच्या ताम्रपटांत हाच परिसर 'कार्मणेय आहार' म्हणून दिसतो. आज तेच नाव गुजराती लिपीतल्या जमिनीच्या जाहीर नोटिशीत, साखर मंडळीच्या ऊसदराच्या पत्रकात, इंग्रजी निविदांमध्ये आणि धुळ्या-नंदुरबारकडच्या मजुरांबद्दलच्या मराठी बातम्यांत सापडतं. ग्रीक पोथी वाचायला एक माणूस लागतो, ताम्रपट वाचायला दुसरा. दोघांची अदलाबदल केली तर काय होईल, ते सांगायला नको.

कामरेजबद्दल वेबवर जे काही आहे ते गोळा करायचं असं एखाद्याने ठरवलं, तर त्याच्यापुढे नेमका हाच प्रश्न येतो. पानं गोळा करणाऱ्या यंत्राला क्रॉलर म्हणतात. पान आणणं हे त्यातलं सोपं काम. आणलेलं पान उघडून त्यातला मजकूर आणि पुढचे दुवे वेगळे काढणं हे अवघड काम, आणि ते करणाऱ्याला पार्सर म्हणतात. वेबपान उघडणारा पार्सर वेगळा, पीडीएफचा वेगळा, झिपचा वेगळा. कोणाच्या हातात काय द्यायचं हे ठरवणारी एक छोटी फाईल असते. हा लेख मुख्यतः त्या फाईलबद्दल आहे.

ज्या क्रॉलरमध्ये ही व्यवस्था सगळ्यात उघडपणे मांडलेली दिसते, त्याचं नाव नच. जुन्या मराठीत 'नच' म्हणजे 'नाहीच'. त्याच्याशी याचा काही संबंध नाही, पण नच चालवून पाहिलेल्या कोणालाही हा योगायोग अगदीच अप्रस्तुत वाटणार नाही. डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी 2002 मध्ये हे काम सुरू केलं. कटिंगचा लहान मुलगा जेवणाला जो शब्द वापरायचा, तोच या क्रॉलरला चिकटला. शोधाची यंत्रणा तेव्हा दोन-चार कंपन्यांच्या कुलुपात होती. संपूर्ण वेब धुंडाळणारं इंजिन कोणालाही आतून पाहता यावं, हा दोघांचा हेतू होता. 2005 मध्ये नच अपाचे फाउंडेशनच्या छत्राखाली आला. त्याच्यातलाच एक भाग 2006 मध्ये वेगळा होऊन हडूप झाला आणि बापापेक्षा कितीतरी पट नावारूपाला आला.

सुरुवातीच्या नचमध्ये पार्सर निवडण्याची पद्धत ढिसाळ होती. प्रत्येक पार्सर हा एक प्लगिन, आणि प्रत्येक प्लगिन आपल्या माहितीपत्रकात सांगायचा की मी अमुक प्रकार वाचतो, अमुक शेपटाची (नावाच्या शेवटी डॉट पीडीएफ वगैरे) फाईल वाचतो. दोघांनी एकाच प्रकारावर हक्क सांगितला तर कोणाला बोलवायचं? जो आधी सापडेल त्याला. आधी कोण सापडेल याची खात्री नाही. तेव्हा, 2005 च्या सुमारास, हा निर्णय प्लगिनांच्या हातून काढून चालवणाऱ्याच्या हातात देणारी फाईल आली. तिचं नाव 'पार्स-प्लगिन्स डॉट एक्सएमएल', आणि ती बसते कॉन्फ नावाच्या फोल्डरमध्ये.

फाईल उघडली तर अगदी साधी. एकेका मजकूर-प्रकाराची नोंद, आणि त्याखाली त्या प्रकारासाठी चालतील त्या प्लगिनांची नावं. 'टेक्स्ट/एचटीएमएल'खाली पार्स-एचटीएमएल, 'अॅप्लिकेशन/झिप'खाली पार्स-झिप. एकाखाली दोन नावं असतील तर क्रम हीच पसंती: आधी वरच्याला विचारा, तो अपयशी ठरला तर खालच्याला. बातम्यांच्या फीडसाठी मूळ फाईलमध्ये अशीच दोन नावं आहेत, पहिलं पार्स-टिका आणि दुसरं फीड. ही नावं वर-खाली केली की हाती येणारं पीकही बदलतं. पार्स-टिका फीडकडे एक दस्तऐवज म्हणून पाहतो, तर फीड प्लगिन त्यातल्या प्रत्येक बातमीची वेगळी नोंद करतो. एकाच ओळीच्या जागेवरून असं ठरतं की तुमच्याकडे एक पान येणार की वीस. शिवाय एक नोंद तारकेची असते: ज्याची कुठेच सोय नाही असं सगळं पार्स-टिकाकडे.

टिकाची गोष्टही याच घरातली. प्रकार ओळखणं आणि मजकूर काढणं हे काम क्रॉलरबाहेरही अनेकांना लागतं, म्हणून नचमधली ही विद्या उचलून 2007 मध्ये वेगळा प्रकल्प उभा केला गेला. तो नंतर इतका वाढला की 2010 मध्ये नचने आपले वर्ड, पीडीएफ वगैरेंसाठीचे जुने पार्सर निवृत्त करून टिकालाच घरात आणलं.

मात्र पार्स-प्लगिन्सची ही यादी लिहिली म्हणजे काम झालं असं नाही. नचमध्ये प्लगिन चालू करण्याची यादी दुसऱ्याच फाईलमध्ये असते. तिथे पार्स-टिकाचं नाव नसेल, तर इकडे त्याला कितीही मानाचं पान मांडा, तो जेवायला येत नाही. हे मी स्वतः केलेलं आहे. रात्रभर शेकडो पीडीएफ खाली उतरत राहिल्या, आणि सकाळी एकीतलाही शब्द हाती नव्हता. लॉगमध्ये इशारा स्वच्छ लिहिलेला होता. वाचला मी दुपारी.

आता मुळाकडे जाऊ. हा प्रकार ठरवतो कोण? पहिला साक्षीदार फाईलचं शेपूट, पण नुसतं ते पाहून प्रकार ओळखू नये, कारण डॉट पीडीएफ नावाखाली पुष्कळदा 'पान सापडले नाही' असं सांगणारं वेबपानच असतं. दुसरा साक्षीदार सर्व्हर. तो पानासोबत प्रकाराचं लेबल पाठवतो. ही लेबलं मुळात ईमेलसाठी तयार झाली. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 1992 मध्ये त्यांचं मानक मांडलं. पण सर्व्हरची मांडणी करणाऱ्याने आळस केला तर लेबलही खोटं निघतं. म्हणून तिसरा साक्षीदार, फाईलचे पहिले काही बाइट. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि स्वतःच्या नावाच्या तीन अक्षरांनी सुरू होते. झिप 'पीके' या अक्षरांनी, आणि नवी वर्ड फाईल आतून झिपच असल्याने तीही तशीच. नच या तिन्ही साक्षी जमवून निकाल देतो आणि मगच आपली यादी उघडतो. निकाल चुकला तर यादी कितीही नेटकी असली तरी दस्तऐवज चुकीच्या हातात पडतो.

मराठीची पंचाईत याच्याही पुढची आहे. लेबल सांगतं की डबा कसला आहे. आत काय भरलंय ते सांगत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली वर्तमानपत्रं आणि सरकारी पानं ज्या फाँटांत चढत होती, त्यात खरी साठवण रोमन अक्षरांची असे. तो विशिष्ट फाँट असेल तर पडद्यावर देवनागरी दिसे, नसेल तर कचरा. अशा पानाचं लेबल 'टेक्स्ट/एचटीएमएल' असतं आणि ते खरंच असतं. पार्स-एचटीएमएल ते बिनचूक उघडतो, आणि हाती लागतो तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. कुठेही चूक झालेली नाही, तरी मराठी नाहीशी.

हा प्रश्न आपल्याकडे एका मोठ्या प्रकल्पाने अंगावर घेतला होता. केंद्र सरकारच्या भाषा-तंत्रज्ञान कार्यक्रमातून, आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी मिळून भारतीय भाषांसाठी शोधयंत्र उभं केलं. नाव 'संधान', विषय पर्यटन, आणि पहिल्या भाषांमध्ये हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगूबरोबर मराठी. गुजरातीचं काम गांधीनगरच्या एका संस्थेकडे आलं. संधानचा क्रॉलर नचवरच बेतलेला होता, आणि जुन्या फाँटांतला मजकूर ओळखून युनिकोडमध्ये नेणारा टप्पा त्यांना वेगळा बांधावा लागला. परदेशी क्रॉलर जसाच्या तसा उचलून मराठी वाचता येत नाही, हे या टप्प्याच्या अस्तित्वातूनच दिसतं.

युनिकोड आल्यावर तरी सुटका झाली का? बरीचशी झाली. पण नचच्या मूळ मांडणीत, एखादं पान आपली अक्षरसारणी सांगत नसेल आणि अंदाजही लागला नाही, तर ते पश्चिम युरोपच्या सारणीने वाचा, असा दंडक आहे. या सारणीने 'क' वाचला तर तीन चिन्हं उमटतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं चिन्ह, मग एक ठळक टिंब. कारण युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं.

या तीन बाइटांचा आणखी एक जाच आहे, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एका पानाचे किती बाइट उतरवायचे याला नचमध्ये मर्यादा असते. अनेक वर्षं ती 65,536 होती, नंतर 10,48,576 झाली. इंग्रजीसाठी 65,536 बाइट म्हणजे तितकीच अक्षरं. मराठीसाठी 21,845 चिन्हं, आणि त्यातही काने, मात्रा, वेलांट्या वेगळ्या मोजायच्या. म्हणजे इंग्रजी लेख जिथे सहज मावतो, तिथे मराठी लेख मधूनच तुटतो. पीडीएफचं दुखणं आणखी वाईट. कोणता तुकडा कुठे आहे याची अनुक्रमणिका पीडीएफच्या शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलेली पीडीएफ म्हणजे अनुक्रमणिका फाटलेला दप्तराचा गठ्ठा. अर्धवट उतरलेली फाईल पार्सरकडे पाठवूच नये, अशी मूळ मांडणीच आहे. मग पसंतीक्रमात कोणाला वर बसवलं याला काही अर्थच उरत नाही. कामरेजच्या साखरेच्या पत्रकासाठी पहिली दुरुस्ती पार्सरच्या यादीत नाही, या मर्यादेत करावी लागते.

पूर्ण उतरलेल्या पीडीएफमध्येही वेलांटी छळते. पीडीएफ अक्षरांचे आकार कागदावर दिसतात त्या क्रमाने ठेवते, आणि पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी. फाईल बनवणाऱ्याने उलट नकाशा नीट दिला नसेल, तर 'विकास' बाहेर येताना वेलांटी आधी आणि 'व' नंतर असा येतो. डोळ्याला शब्द ओळखू येतो, शोधयंत्राला तो दुसराच शब्द. असा मजकूर सुधारायचा तर पार्सरच्या मागे आणखी एक फिल्टर बसवावा लागतो, किंवा त्या प्रकारासाठी स्वतःचा प्लगिन लिहून त्याला यादीत टिकाच्या वर बसवावं लागतं. खटपट आहे, पण ही यादी आपल्या हातात ठेवल्याचा खरा फायदा तिथेच कळतो.

कॉमन क्रॉल ही संस्था वेबचा खुला साठा जमवताना नचच वापरते, आणि आजची भाषा-प्रारूपं असल्या साठ्यांवर पोसली जातात. तेव्हा हे कोपऱ्यातल्या तंत्रज्ञांचं प्रकरण राहिलेलं नाही.

एखादा पत्ता आपल्या मांडणीत कसा वाचला जातो हे पाहायला नचमध्ये पार्सचेकर नावाची आज्ञा आहे. पत्ता द्या, ती तो एकच दस्तऐवज आणते, ठरलेला प्रकार सांगते, पार्सर चालवते आणि निघालेला मजकूर समोर ठेवते. सरकारी नोटिशी पुष्कळदा सहीशिक्क्यासह स्कॅन करून पीडीएफमध्ये घातलेल्या असतात. तशी एक तिला दिली, तर प्रकार 'अॅप्लिकेशन/पीडीएफ' बरोबर येतो, पार्सर टिका बरोबर निवडला जातो, आणि चित्रातली अक्षरं वाचणारी टेसरॅक्टसारखी सोय जोडलेली नसेल तर स्थितीच्या रकान्यात 'यशस्वी' असं लिहून येतं. त्याखाली मजकुराची जागा कोरी असते.