जगात सगळ्यात फास्ट १०० मीटर पोहला, तरी त्याच्या नावावर वर्ल्ड रेकॉर्ड लागला नाही

मायकल फेल्प्सने २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ८ गोल्ड मेडल जिंकली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातलं दुसरंच गोल्ड हातातून जवळपास गेलं होतं. ते वाचवलं जेसन लेझॅक नावाच्या ३२ वर्षांच्या गड्याने.

११ ऑगस्टला ४×१०० मीटर फ्रीस्टाइल रिलेची फायनल होती. एका टीममध्ये चार जण, प्रत्येकाने १०० मीटर पोहायचं. तिघांचं पोहून झालं तेव्हा फ्रान्स अमेरिकेच्या ०.५९ सेकंद पुढे होतं. शेवटी फ्रान्सकडून उतरला अलँ बर्नार्ड. ही रेस सुरू होईपर्यंत १०० मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड त्याच्याच नावावर होता. अमेरिकेकडून उतरला लेझॅक.

शेवटच्या वळणावरही बर्नार्ड पुढेच होता. पण तो लेनच्या दोरीला खेटून पोहत होता. शेजारच्या लेनमधल्या लेझॅकने तीच दोरी धरली. पुढच्या माणसाने कापलेल्या पाण्याचा फायदा मागच्याला मिळतो, सायकल रेसमध्ये हवेचा मिळतो तसा. शेवटच्या काही मीटरमध्ये लेझॅकने त्याला गाठलं. अमेरिका ३:०८.२४, फ्रान्स ३:०८.३२. फरक फक्त ०.०८ सेकंदांचा.

लेझॅकची वेळ होती ४६.०६ सेकंद. तोवर रिलेत कुणीच १०० मीटर इतक्या वेगाने पोहलं नव्हतं.

मग हा वर्ल्ड रेकॉर्ड का नाही?

कारण रिलेत फक्त पहिला पोहणारा सिग्नल ऐकून उडी मारतो. बाकीचे तिघे आपला सहकारी भिंतीकडे येताना बघतात, आधीच अंग पुढे झोकतात आणि त्याचा हात भिंतीला लागताच ब्लॉक सोडतात. यात साधारण अर्धा ते पाऊण सेकंद वाचतो. त्यामुळे वैयक्तिक रेकॉर्डसाठी फक्त पहिल्याचीच वेळ धरतात. याच रेसमध्ये ऑस्ट्रेलियाचा इमन सुलिव्हन पहिला उतरला आणि ४७.२४ सेकंदांत पोहला. तो वर्ल्ड रेकॉर्ड ठरला, लेझॅकचे ४६.०६ नाही.

तीन दिवसांनी वैयक्तिक १०० मीटरची फायनल झाली. तिथे बर्नार्डने गोल्ड नेलं. लेझॅक ४७.६७ सेकंदांत पोहला आणि ब्राझीलच्या सेझार सिएलोबरोबर त्याला ब्राँझ वाटून मिळालं. म्हणजे रिलेतल्यापेक्षा दीड सेकंदाहून जास्त वेळ लागला. उडीचा फायदा वजा केला तरी जवळपास एक सेकंद उरतोच. त्यात दोरीशेजारचं पाणी किती आणि टीमसाठी लावलेला जीव किती, हे कुठलंच घड्याळ सांगत नाही.

त्याआधी या रिलेने लेझॅकला दोनदा रडवलं होतं. २००० साली सिडनीत अमेरिका ऑस्ट्रेलियाकडून हरली आणि सिल्व्हरवर थांबली. २००४ ला अथेन्समध्ये ब्राँझच मिळालं. दोन्ही फायनलमध्ये लेझॅक टीममध्ये होता. अथेन्सला तर वैयक्तिक १०० मीटरमध्ये तो पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता.

बीजिंगच्या आधी तो कोचशिवाय, एकटाच सराव करायचा. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने रिलेची प्राथमिक फेरी पोहली आणि टीमबरोबर त्यालाही सिल्व्हर मिळालं. चार ऑलिम्पिक, ८ मेडल. त्यातली ७ रिलेची आणि वैयक्तिक फक्त एक.

फेल्प्सच्या त्या ८ गोल्डमध्येही ३ रिलेची होती. त्यातल्या दोन रिलेत शेवटी पाण्यात उतरला होता तो लेझॅकच.