फ्रेंच टोस्ट आतून गिचका का राहतो? समजून घ्या ब्रेड, अंडं आणि आचेचं गणित

रविवारी उशिरा उठायचं आणि नाश्ता-जेवण एकत्रच उरकायचं, असा बेत असला की फ्रेंच टोस्ट हमखास आठवतो. साहित्य घरातलंच असतं आणि कृतीही सोपी. तरीही अनेकदा टोस्ट वरून सोनेरी दिसतो आणि मधोमध ओला, अंड्याचा वास येणारा निघतो. असं का होतं, ते पाहूया.

शिळा ब्रेड कशाला?

फ्रेंचमध्ये या पदार्थाला ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे ‘वाया गेलेला ब्रेड’. कडक झालेला ब्रेड वापरात आणण्याची ही युक्ती. त्यामागे कारणही आहे. शिळ्या ब्रेडमधलं पाणी कमी झालेलं असतं, त्यामुळे तो मिश्रण शोषून घेतो आणि तुटत नाही. ताजा ब्रेड आधीच मऊ आणि ओलसर असल्याने त्याचा लगदा होतो. ताजाच ब्रेड असेल तर स्लाइस कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं सुकवून घ्या.

मात्र शिळा आणि बुरशी आलेला यात फरक आहे. हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर तेवढा तुकडा काढून बाकीचा ब्रेड वापरू नका. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत असे आतवर पसरलेले असू शकतात. अख्खं पाकीट टाकून द्या.

प्रमाण किती?

चार जाड स्लाइससाठी:
- अंडी २
- दूध १२० मिली (अर्धा कप)
- साखर १ चमचा
- चिमूटभर मीठ, वेलची किंवा दालचिनी पूड

टोस्टला आतून घट्टपणा येतो तो अंड्यातल्या प्रथिनांमुळे. दूध जास्त झालं की ही प्रथिनं विरळ होतात आणि मिश्रण नीट आळत नाही. साखरही बेतानेच घाला, ती जास्त झाली तर टोस्ट लवकर करपतो. पांढऱ्याच्या गाठी राहणार नाहीत इतकं फेटा. स्लाइस प्रत्येक बाजूने २०-३० सेकंद बुडवा, पातळ सँडविच ब्रेड असेल तर त्याहून कमी.

आच मध्यमच का?

ब्रेडचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर गेला की तो झपाट्याने खरपूस, तपकिरी होऊ लागतो. आतल्या अंड्याला मात्र ७१ अंशांपर्यंत पोहोचणं पुरेसं असतं. पण उष्णता आत जायला वेळ लागतो. आच मोठी ठेवली की बाहेरचा रंग आधी येतो आणि आपण टोस्ट उतरवतो, आतलं अंडं कच्चंच राहतं.

हा प्रश्न फक्त चवीचा नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलं, गरोदर महिला आणि वयस्कर मंडळींना त्यांचा त्रास जास्त होतो. म्हणून मध्यम-मंद आचेवर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं भाजा. मधोमध उलथन्याने दाबून पाहा: द्रव बाहेर आला तर अजून थोडा वेळ द्या. लोण्यातले दुधाचे कण लवकर जळतात, त्यामुळे भाजायला तूप सोयीचं.

गोड नको असेल तर?

साखर, वेलची वगळा. बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि हळद घाला. आपल्या डब्यातला ओळखीचा तिखट अंडा-ब्रेड तयार. अंडं खात नसाल तर अर्धा कप थंड दुधात एक मोठा चमचा कस्टर्ड पावडर आणि चवीला साखर कालवा. त्यातला कॉर्नफ्लोअर गरम झाल्यावर दाटतो आणि अंड्याचं काम बऱ्यापैकी निभावतो.

पाहुणे जास्त असतील तर तयार टोस्ट एकावर एक रचू नका, वाफेने खालचे मऊ पडतात. जाळीवर सुटे ठेवा आणि मध किंवा फळं वाढतानाच घाला.