लोंब पांढरी दिसल्यावर फवारून उपयोग नाही; धानाचा खोडकिडा फुटव्यातच ओळखा

भंडारा : धान निसवल्यावर बांधीत मधेच पांढऱ्या, सरळ उभ्या लोंब्या दिसतात. ओढली की लोंब अलगद हातात येते, पण त्यात दाणाच नसतो. हे काम पिवळ्या खोडकिड्याचे. अशा वेळी अनेक शेतकरी धावत औषध आणतात. मात्र तोवर अळी खोडाच्या आत असते आणि गेलेली लोंब परत भरत नाही. औषधाचा आणि मजुरीचा खर्च तेवढा वाया जातो.

खरी वेळ त्याआधीची. मादी पतंग पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते. त्यावर तपकिरी-पिवळसर केस असतात. ५ ते ८ दिवसांत अळ्या निघतात आणि खोडात शिरतात. फुटव्याच्या काळात मधला पोंगा वाळतो, यालाच गाभेमर म्हणतात. तेव्हा धान नवे फुटवे काढून नुकसान थोडे भरून काढते. लोंबीच्या वेळी ती संधी नसते.

काय करावे?

- रोवणीआधी पऱ्ह्यांचे शेंडे खुडा. त्यावरची अंडी बांधीत येत नाहीत.
- युरिया एकदम टाकू नका, हप्त्याने द्या. जास्त हिरव्या धानावर कीड जास्त येते.
- एकरी २ कामगंध सापळे लावून पतंगांवर नजर ठेवा.
- पतंग दिसू लागताच एकरी २० हजार अंड्यांचे ट्रायकोग्रामा जापोनिकम कार्ड लावा. दर आठवड्याला, असे ३ ते ४ वेळा. त्या दिवसांत फवारणी टाळा.

औषध कधी?

बांधीत फिरून वेगवेगळ्या ठिकाणचे १०० फुटवे मोजा. ५ वाळलेले निघाले, किंवा चौरस मीटरमध्ये एक अंडीपुंज दिसला, तरच औषध. क्लोरँट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार एकरी ४ किलो टाका. बांधीत थोडे पाणी असू द्या आणि ते बाहेर जाऊ देऊ नका. हातमोजे घालाच. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे मारली तर मित्रकीटक मरतात आणि पुढे तुडतुडे वाढतात.

कापणी जमिनीलगत करा आणि नंतर नांगरून धसकटे गोळा करून नष्ट करा. अळी त्यातच दडून राहते. उन्हाळी धान घेणाऱ्यांनी तर हे चुकवू नये, नाहीतर खरिपाची कीड थेट पुढच्या धानावर येते.